उन्हात फिरताना लघवी लागतच नाही, एसीत मात्र सारखी लागते, असं का?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात तुर्भेच्या मार्केटला सकाळपासून फिरता, तीन बाटल्या पाणी संपवता तरी दुपारपर्यंत लघवी लागत नाही, लागली तर गडद पिवळी, आणि ऐरोलीच्या एसी ऑफिसात बसलात की दर तासाला उठावं लागतं, तर किडनी बिघडली का? नाही हो, उलट चोख चाललीय. मी ठाण्यात बारावीच्या पोरांना बायो शिकवतो, दर उन्हाळ्यात कोणीतरी हे विचारतंच.

किडन्या दिवसाला साधारण 180 लिटर पाणी गाळतात आणि बाहेर जातं जेमतेम दीड-दोन लिटर. गाळलेल्या पाण्यातलं दोन तृतीयांश तर किडनीतल्या बारीक नळीच्या सुरुवातीलाच परत रक्तात जातं, तिथे एडीएचला, म्हणजे पाणी वाचवणाऱ्या हार्मोनला, कोणी विचारत नाही. खरी कंजुषी शेवटी, कलेक्टिंग डक्टमध्ये, म्हणजे लघवी गोळा करणाऱ्या शेवटच्या नळीत. घाम गेला की रक्त जरा खारट होतं, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला एक-दोन टक्क्यांचा फरकही कळतो, मग मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एडीएच म्हणजेच व्हॅसोप्रेसिन सुटतं, ते डक्टच्या पेशींपर्यंत पोचलं की पेशीच्या आत ठेवलेली अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रोटीनची छिद्रं भिंतीवर येऊन बसतात आणि पाणी त्यातून परत फिरतं. एडीएच उतरलं की छिद्रं पुन्हा आत. (ही छिद्रं शोधणाऱ्या पीटर अ‍ॅग्र यांना 2003 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.) पोरं इथे हमखास चुकतात, लिहितात की हार्मोन पाणी ओढतं. ओढतो तो भोवतीच्या मेड्युलाचा, म्हणजे किडनीच्या आतल्या भागाचा, खारटपणा, हार्मोन नुसती वाट मोकळी करतं.

उन्हात अल्डोस्टेरॉन नावाचं दुसरं हार्मोनही मीठ धरून ठेवतं, पाणी त्याच्या मागोमाग.

एसीत सगळं उलटं. घाम नाही, वर थंडीने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त छाती-पोटाकडे सरकतं, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि तिथून एएनपी नावाचं हार्मोन सुटतं, ते मीठ-पाणी बाहेर काढायला सांगतं. एडीएचही उतरतं. त्यात तुमचे चार कटिंग. बिअर तर थेट एडीएचच दाबते, त्यामुळे पार्टीत सारखं उठावं लागतं.

फक्त तहान भागतच नसेल, रात्रीही चार-चारदा उठावं लागत असेल तर आधी शुगर तपासा. शुगर नॉर्मल येऊनही दिवसाला तीन लिटरच्या वर लघवी होत असेल तर एडीएच कमी पडतंय किंवा किडनी त्याला दाद देत नाही अशी शंका येते, ते डॉक्टरच बघतील. आणि मार्केटला जाताना बाटल्या तीनच्या चार करा, गडद पिवळा रंग तेच सांगतोय.