पीएफ मोडून मासे आणि लेट्युस?

प्रश्न: वय ४३, चाकणला नोकरी, हातात ३८ हजार येतात. शिरूरजवळ गावी १० गुंठे आहेत. नोकरी सोडून पीएफच्या १४ लाखांतले ९ लाख घालून एका कंपनीकडून अ‍ॅक्वापोनिक्स (टाकीत मासे आणि त्याच पाण्यावर लेट्युससारखा सॅलडचा पाला) बसवून घ्यावं का? महिना ४० हजार सुटतील, असं ते म्हणतात.

उत्तर: तुम्ही पाठवलेलं कोटेशन दोनदा वाचलं. त्यात लेट्युसचा भाव आहे, चिलापी माशाचा आहे, शेडनेटचा रंगसुद्धा आहे. विजेची ओळ मात्र नाही. या धंद्यात पंप आणि पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर चोवीस तास चालवावे लागतात. लाइट गेली की थोड्याच वेळात मासे तोंड वर काढून हवा घ्यायला लागतात, आणि गावाकडच्या लाइटीबद्दल मी तुम्हाला काय सांगणार!

त्यांनी दिलेल्याच आकाराचा हिशेब करू, दर मी अंदाजाने धरलेत. टाक्या १० हजार लिटरच्या, वर्षाला दोन बॅच, ४०० किलो चिलापी. जागेवर १२० रुपये किलोने ४८ हजार. किलोभर माशाला साधारण दीड किलो खाद्य लागतं, म्हणजे ६०० किलोचे ३० हजार. अर्धा किलोवॅट भार दिवसरात्र धरला तर महिना ३६० युनिट, ८ रुपयांनी वर्षाचे साडेचौतीस हजार. बोटुकलीचा (टाकीत सोडायच्या माशांच्या पिल्लांचा) खर्च अजून धरलाच नाही, तरी मासळी तोट्यात.

म्हणजे इथे मासे हे खत. त्यांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं जिवाणू नायट्रेट करतात, त्यावर पाला वाढतो. एवढ्या खतावर वीस-पंचवीस चौरस मीटर पाला पोसेल, महिन्याला चारएकशे गड्डे. सगळे ३० रुपयांनी खपले तरी १२ हजार. त्यातून मासळीचा तोटा, बी, पुण्यापर्यंतचं पेट्रोल काढा. सात-आठ हजार उरले तर नशीब.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत व्यावसायिक अ‍ॅक्वापोनिक्स करणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून कमी लोक आधीच्या वर्षभरात नफ्यात होते. जोडीला प्रशिक्षण, साहित्य असं काही विकणाऱ्यांचं त्यातल्या त्यात बरं चाललं होतं. तुमचे कोटेशनवाले प्रशिक्षणाचे २५ हजार वेगळे घेतायत, बघा!

पीएफला हात लावू नका. नोकरी गेली की पगारासोबत कंपनीचा मेडिक्लेमही जातो. टाकी घेण्याआधी दोन महिने मार्केट यार्डातून लेट्युस, बेसिल उचलून चार कॅफेंना देऊन बघा. पाला खपेल हो, पैसे कधी येतात ते पाहायचंय. त्यातले दोन जण वेळेवर पैसे देणारे निघाले, तर बोनसमधून लाखभर घालून एक छोटी टाकी आणि इन्व्हर्टर घ्या. अनुदान हिशेबात धरू नका. आणि मासळीचं उत्पन्न शेतीउत्पन्नात बसत नाही, तेव्हा त्यावर करमाफी नाही.

‘माल आम्हीच परत घेऊ’ असं ते म्हणतात ना? मग ते दर आणि मुदतीसह स्टँपपेपरवर मागा, आणि काय उत्तर येतं ते मला कळवा.