जंतुनाशक कोणते, हे नंतर पाहू, आधी मुदत

प्रश्न : पत्नीच्या सिझेरियनच्या वेळी खासगी रुग्णालयात तिची कुशीखालची त्वचा भाजली. बीटाडिनऐवजी स्पिरिटयुक्त क्लोरहेक्सिडिन लावल्याचे नंतर कळले. डॉक्टर 'भरपाईचे पाहू' म्हणत राहिले आणि त्यात 22 महिने गेले. चुकीचे औषध वापरले म्हणून दावा करता येईल का?

उत्तर : 'चुकीचे औषध लावले' अशी पत्रे नेहमी येतात, परंतु केवळ जंतुनाशकाच्या निवडीवर आपला दावा टिकणार नाही. दोन्ही औषधे मान्य आहेत. किंबहुना शस्त्रक्रियेपूर्वी अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिन वापरावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2016 पासून शिफारस आहे, आणि मान्य पद्धतींपैकी एक निवडणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात (2005) स्पष्ट केले आहे. आपला मुद्दा वापराच्या रीतीचा आहे. हे द्रावण ज्वालाग्राही असल्याने ते पूर्ण सुकेपर्यंत, केस नसलेल्या त्वचेवरही किमान तीन मिनिटे, थांबावे लागते आणि अंगाखाली ओघळून चादरीत मुरलेले द्रावण काढल्यावरच कॉटरी (विजेच्या उष्णतेने ऊती कापणारे व रक्तस्राव थांबवणारे उपकरण) वापरायची असते. भाजल्याची जागा कुशीखाली असणे याच्याशी जुळते. मात्र कॉटरीचा वीजप्रवाह परत नेण्यासाठी रुग्णाच्या त्वचेला जी प्लेट लावतात, तिच्यामुळे भाजले असे रुग्णालय म्हणू शकेल, म्हणून प्लेट कुठे लावली होती याची नोंद आणि तज्ज्ञाचे मत लागेल.

या सर्वांहून निर्णायक आहे ते ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चे कलम 69. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. भाजल्याचे त्याच दिवशी दिसले असेल, तर मुदत तेव्हापासूनच धावू लागली, आणि 22 महिने गेल्याने आता जेमतेम दोन महिने उरले आहेत. तोंडी आश्वासनांनी किंवा नोटिशींच्या देवाणघेवाणीने ती थांबत नाही. इतके महिने एक लेखी अर्जही न करणे ही अक्षम्य हयगय झाली. मुदत उलटल्यास विलंबमाफीची तरतूद आहे, पण 'डॉक्टरांवर विसंबलो' हे कारण ग्राहक आयोगाला पुरेसे वाटेलच, असे मी सांगणार नाही.

आजच शस्त्रक्रियेच्या टिपणासह सर्व कागदपत्रे लेखी मागा आणि पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार ती 72 तासांत द्यावी लागतात. औषधांचे बिलही शोधा. कोणते द्रावण आणले होते, ते त्यात दिसू शकेल. कागद मिळाले नाहीत तरी तक्रार अडवून ठेवू नका. ती आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दाखल करता येते, आणि कागद मागवण्याचा अर्ज तेथेही करता येईल. भरपाई किती मिळेल, हे व्रणावर व झालेल्या खर्चावर ठरेल. निकालासाठी कायद्याने सांगितलेले तीन ते पाच महिने प्रत्यक्षात क्वचितच पाळले जातात, याची मात्र तयारी ठेवा.