पेटीत पडलेलं नकाराचं पत्र

सातारा जिल्ह्यातले लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार विचारतात: '24 वर्षं नोकरी करून 2014 मध्ये घरी आलो. सुटतानाच्या मेडिकल बोर्डानं लंबर स्पॉन्डिलोसिस (कमरेच्या मणक्यांची झीज), अपंगत्व 20 टक्के असं लिहिलं. पण आजार नोकरीमुळे झाला नाही की वाढला नाही, म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली. अकरा वर्षं झाली. आता मिळेल का?'

हवालदारसाहेब, कमरेच्या दुखण्याची अशी पत्रं मला सारखी येतात. पाठीवर वजन घेऊन डोंगर चढणाऱ्याची कंबर का जाते, ते तुम्हाला मी काय सांगणार? मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं असतं, आणि तुम्ही ते पत्र घडी घालून पेटीत ठेवलंत.

हक्क त्यानं मेला नाही. दरमहा बुडणारी पेन्शन हा चालूच राहणारा अन्याय आहे, असं सुप्रीम कोर्टानं 2008 मध्ये तरसेम सिंग प्रकरणात मानलं. पण थकबाकी दिली ती कोर्टात येण्याआधीच्या तीनच वर्षांची. तुमच्या आठ वर्षांच्या पैशांची आशा मी धरणार नाही. आणि ही तीन वर्षं दावा दाखल झाल्या दिवसापासून मागे मोजतात, अपील टपालात टाकल्यापासून नाही. तुम्ही जितके महिने लांबवाल, तितके मागचे महिने गळतील.

तेव्हा याच आठवड्यात विलंबमाफीच्या विनंतीसह पहिलं अपील रजिस्टर पोस्टानं पाठवा. नकार आला तर वकिलाला लगेच दाखवा. काहीच उत्तर नाही आलं, तर सहा महिने भरताच सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात अर्ज टाका. न्यायाधिकरणाच्या कायद्याचं कलम 21 तेवढंच थांबायला लावतं. 'फाइल वर गेलीय' हे ऐकून सातवा महिना घालवू नका. तिथं पुढं तारखा किती पडतील, हे तुमच्या हातात नाही. दाखल करणं आहे.

निकालाची खात्री मी देत नाही. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत जडला असं धरायचं, आणि नाही म्हणणाऱ्या बोर्डानं कारणं द्यायची, असं 2013 च्या धरमवीर सिंग निकालात आहे. मात्र तो अशा पेन्शनच्या 1982 च्या नियमांवरचा; तुम्हाला 2008 चे लागतात, आणि सरकारी वकील तो फरक काढणारच. जिंकलात तर 2014 च्या राम अवतार निकालानुसार 20 टक्के अपंगत्व 50 टक्के धरून शेवटच्या पगाराच्या साधारण 15 टक्के मागता येतील.

रेकॉर्ड ऑफिसकडून बोर्डाच्या कागदांची प्रत आजच मागवा. कारणाच्या रकान्यात नुसतं 'नोकरीशी संबंध नाही' एवढंच असेल, तर ते पान अर्जाला सगळ्यात वर लावायचं.