जोरात स्नो पडत असताना हाय बीम लावूनही पुढचं का दिसत नाही? जास्त पॉवरचे एलईडी बल्ब टाकू का?

तुम्ही लिहिलंय की न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला नुकतेच आलात, ऑफिस हॅम्बर्गला, रात्री परत येताना स्नो जोरात लागला की हाय बीममध्येही समोर नुसतं पांढरं दिसतं. बल्ब नका बदलू. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये बाहेरून आणलेला एलईडी बल्ब टाकला की उजेड हवा तिथे न पडता इकडेतिकडे फाकतो, वर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. मीही इथेच राहतो आणि हिवाळाभर याच रस्त्यावर असतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हाय बीमचा उजेड सरळ आणि वरपर्यंत जातो, समोर पडणाऱ्या बर्फावर आपटतो आणि तिथूनच तुमच्या डोळ्यांत परत येतो, रस्त्यापर्यंत धड पोचतच नाही. उजेड जेवढा वाढवाल तेवढी ती पांढरी भिंत अजून उजळते. लो बीम वरून कापलेला असतो, खाली डांबरावर पडतो, म्हणून स्नोमध्ये कायम लो बीमच. गाडीला कंपनीचे फॉग लॅम्प असतील तर तेही लावा, ते बंपरमध्ये खाली असतात आणि उजेड रुंद फेकतात, त्यामुळे बाजूची पट्टी आणि प्लाउने (बर्फ सारणाऱ्या गाडीने) सारलेल्या ढिगाऱ्याची कड दिसते, पण लांबचं त्याने दिसणार नाही. पिवळे लॅम्प धुक्या-बर्फातून आरपार जातात असं बरेच जण सांगतील, त्यात फारसं तथ्य नाही, बर्फाचा कण प्रकाशलहरीपेक्षा इतका मोठा असतो की सगळेच रंग सारखेच उलटे येतात, काहींच्या डोळ्यांना पिवळा सौम्य वाटतो एवढंच. डॅशबोर्ड आणि मोठ्या स्क्रीनचा ब्राइटनेस मात्र कमी करा, त्याने लगेच फरक पडतो.

पण माझ्या मते यापेक्षा मोठा प्रश्न हा की मागून येणाऱ्याला तुम्ही दिसताय का, आणि याकडे कोणी बघतच नाही. लाइटचा नॉब ऑटोवर ठेवून सगळे निवांत असतात. दिवसा व्हाइटआउट झाला, म्हणजे स्नोमुळे काहीच दिसेनासं झालं, तर आजूबाजूला सगळं पांढरंशुभ्र, सेन्सरला वाटतं भरपूर उजेड आहे, तो हेडलाइट लावतच नाही, पुढे फक्त डेटाइम रनिंग लाइट (दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे) चालू आणि बऱ्याच गाड्यांत मागे टेल लाइट बंद. तुम्हाला समोर उजेड दिसतो म्हणून वाटतं सगळं चालू आहे आणि मागून येणाऱ्या ट्रकसाठी तुम्ही रस्त्यावर नाहीच. म्हणून वायपर लावला की हाताने नॉब फिरवून हेडलाइट लावायचे. न्यूयॉर्क राज्यात हवामानामुळे वायपर चालू असतील तर हेडलाइट लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे आणि रनिंग लाइट त्यात धरत नाहीत. पीस ब्रिजपलीकडे कॅनडाने यावर सप्टेंबर २०२१ पासूनच्या नव्या गाड्यांना नियमच केलाय, अंधारात अशी मागचे दिवे बंद असलेली गाडी फिरू नये म्हणून.

दुसरी गोष्ट लाइट पुसण्याची. जुने हॅलोजन पुढून तापायचे, काचेवरचा स्नो आपोआप वितळायचा, एलईडी पुढून जवळजवळ थंडच राहतो. अर्धा तास गाडी चालवून गॅस स्टेशनला उतरा आणि हेडलाइटवरून हातमोजा फिरवून बघा, बोटभर राखाडी थर निघतो, मीठ आणि चिखल मिसळलेला. एसयूव्ही किंवा हॅचबॅक असेल तर मागे अजून वाईट, सपाट पाठीमागे हवेचा भोवरा होतो आणि उडालेला स्नो थेट टेल लाइटवर येऊन चिकटतो, पार लाल रंग दिसेनासा होतो. ब्रशने किंवा कापडाने पुसा, स्क्रेपर नका लावू, हल्ली ती काच नसते, प्लास्टिक असतं, ओरखडे पडले की उजेड कायमचा धुरकट. आणि टपावरचा स्नोही काढूनच निघा, ब्रेक मारला की सगळा पुढच्या काचेवर घसरतो.

हझार्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावून गाडी चालवणारे इथे खूप दिसतील, कृपा करून ते करू नका. बऱ्याच गाड्यांत हझार्ड चालू असताना इंडिकेटर चालत नाही, आणि मागच्याला कळत नाही की तुम्ही थांबलाय की चाललाय. थांबलात तरच लावा.

आणि लेक इफेक्ट, म्हणजे तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याने पडणारा स्नो, समजून घ्या. लेक इरीवरून येणारा स्नोचा पट्टा अरुंद असतो, नॉर्थ बफेलोत तारे दिसतात आणि त्याच वेळी ऑर्चर्ड पार्कला बोनेट दिसत नाही. ३० मैलांच्या वेगाला गाडी सेकंदाला ४४ फूट जाते, दिसतंय १०० फूट, म्हणजे हातात दोन सेकंद, आणि रस्ता बर्फाळ. अशा वेळी कुठलाही लाइट पुरा पडत नाही. २८ मार्च २०२२ ला पेनसिल्व्हेनियात आय-८१ हायवेवर स्नो स्क्वॉलमध्ये (अचानक येणाऱ्या जोरदार स्नोच्या झोडपीत) ८० गाड्या एकमेकींवर आदळल्या, ६ जण गेले. फोनवर स्क्वॉल वॉर्निंग वाजली की पुढचा एक्झिट घ्या आणि एखाद्या दुकानाच्या पार्किंगमध्ये बसून राहा, पट्टा सरकला की निघा. रूट ५ ने तर अशा दिवशी येऊच नका, तो लेकला चिकटून जातो आणि वारा वाढला की त्यावरचा स्कायवे हा उंच पूल बंद करतात.

अडकलातच तर हझार्ड चालू ठेवून गाडीतच बसा, पण हीटरसाठी इंजिन लावण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे ना ते उतरून बघा, स्नो पडत राहिला तर थोड्या थोड्या वेळाने परत बघा, ते बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो.