ताप नाही म्हणजे कोरोना नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी

प्रश्न असा आहे: 'कोरोनाच्या रुग्णात नेमकी कोणती लक्षणं दिसतात, आणि ताप नसेल तर कोरोना नाही असं धरून चालतं का?'

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण त्याच्यासाठीच लिहायला बसले आहे. नाही चालत. माझ्या सख्ख्या भावाने तसं धरलं होतं आणि त्यात आमचे दोन दिवस गेले.

सप्टेंबर २०२०. बाबांचं वय ७८, मधुमेह जुना, रक्तदाबाची गोळी रोजची, बाकी माणूस खणखणीत. एका सकाळी त्यांनी सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावली. मी हसले, तेही हसले. दुपारी त्यांनी मला आत्याच्या नावाने हाक मारली. मी दुरुस्त केलं तर 'हो हो' म्हणाले आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच नाव. संध्याकाळी खोलीतून बाहेर येताना भिंत धरून आले. ताप मोजला: ९७.८. खोकला नाही, घसा ठीक, नाक कोरडं.

मी म्हटलं, टेस्ट करून घेऊ. दादा म्हणाला, "ना ताप, ना खोकला. कसला कोरोना काढतेस? वय झालंय त्यांचं." दादा घरात थोरला. त्याने एकदा निदान केलं की डॉक्टरांनी फक्त सही करायची उरते.

त्याच्या डोक्यात जो तक्ता होता तो तेव्हा सगळ्यांच्याच डोक्यात होता: ताप, कोरडा खोकला, धाप. हा तक्ता आकाशातून पडला नव्हता. जानेवारी २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात वुहानच्या पहिल्या ४१ रुग्णांची माहिती आली, त्यात ९८ टक्क्यांना ताप होता, ७६ टक्क्यांना खोकला आणि ५५ टक्क्यांना धाप. पण ते ४१ जण कोण होते? न्यूमोनिया होऊन रुग्णालयात पोचलेले, त्यांचं मधलं वय ४९. घरात बटणं चुकवत बसलेले म्हातारे त्या यादीत येणार कुठून? पुढच्याच महिन्यात चीनमधल्या १,०९९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दाखल होताना ताप असलेले फक्त ४३.८ टक्के होते. रुग्णालयात राहिल्यावर तो आकडा ८८.७ वर गेला, म्हणजे बऱ्याच जणांना ताप नंतर आला. न्यूयॉर्क परिसरातल्या ५,७०० दाखल रुग्णांत तर तपासणीच्या वेळी ताप असलेले ३०.७ टक्के. दर दहातले सात जण तापाशिवाय आले, आणि तेही दाखल करावे लागले असे. हे तिन्ही आकडे मी दादाला पुढे इतक्या वेळा ऐकवलेत की आता मी तोंड उघडलं की तोच म्हणून दाखवतो.

म्हाताऱ्या माणसाचं अंग मुळातच थोडं गार असतं आणि त्याची प्रतिकारशक्ती तापापर्यंत जाण्याइतकी जोरात पेटत नाही. शिवाय बाबा गुडघ्यासाठी रोज दोन वेळा पॅरासिटामॉल घेत होते. गुडघ्याची गोळी म्हणून ती आमच्या कुणाच्या हिशोबातच नव्हती. तापाची गोळी दोनदा खाणाऱ्या माणसाचा ताप आम्ही मोजत होतो आणि तो नाही म्हणून खूश होत होतो!

आणि बरळणं? अमेरिकेत ६५ आणि त्यावरच्या वयाच्या ८१७ कोरोना रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या २८ टक्क्यांना आपत्कालीन विभागात आले तेव्हाच भ्रम झालेला होता, आणि अशा भ्रमिष्ट रुग्णांपैकी ३७ टक्क्यांना ताप किंवा धाप यांसारखं नेहमीचं एकही लक्षण नव्हतं. वय हे काही लक्षण नाही. काल ठीक असलेला माणूस आज नावं विसरला तर त्याला कालपासून आजपर्यंत काहीतरी झालेलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेजाऱ्यांकडून ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारा बोटाचा चिमटा, मागून आणला. बाबांच्या बोटाला लावला: ८३. दादा म्हणाला यंत्र बिघडलंय, आणि स्वतःच्या बोटाला लावला. ९८. मग म्हणाला, बाबांचे हात गार आहेत. ठीक आहे, हात चोळले, पाच मिनिटं रजईत ठेवले, दुसरं बोट धरलं. ८१. आणि बाबा उशीला टेकून बसले होते, आम्हाला विचारत होते, "काय एवढं बघताय?" धाप लागली का म्हटलं, तर म्हणाले, "छे."

ऑक्सिजन इतका उतरूनही त्रास न जाणवणं, याला डॉक्टर हॅपी हायपॉक्सिया म्हणायचे. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, त्यात आनंदाचं काही नाही. जीव घाबरा होतो तो ऑक्सिजन कमी पडल्याने तितका होत नाही, जितका कार्बन डायऑक्साइड साठल्याने होतो. या आजारात सुरुवातीला फुप्फुसं कडक झालेली नसतात, भाता चालू असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, त्यामुळे मेंदूला धोक्याची घंटा ऐकू येत नाही. म्हातारपणात आणि मधुमेहात ती घंटा आणखी मंद वाजते. त्या बोटावरच्या चिमट्यामागची कल्पना ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७०च्या दशकात मांडली होती. ते एप्रिल २०२० मध्ये वारले, नेमकं सगळं जग त्यांच्या यंत्रासाठी धावत होतं तेव्हा.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी बाबांना बोलतं ठेवून मनगटातल्या घड्याळावर त्यांचे श्वास मोजले. मिनिटाला ३२. निरोगी माणूस बसल्या जागी १२ ते २० घेतो. त्यांनी आम्हाला विचारलं, "घरी श्वास मोजले होते का?" दादाने माझ्याकडे पाहिलं आणि मी दादाकडे. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या कडेकडेने आणि खालच्या भागात काचेवर वाफ धरावी तसे पांढुरके डाग होते. रक्तात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी, गुठळ्यांचा इशारा देणारं डी-डायमर वाढलेलं. टेस्ट पॉझिटिव्ह. ऑक्सिजन, तासन्‌तास पालथं झोपवणं, रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. १६ दिवसांनी बाबा घरी आले. नावं बरोबर घेतात आता, पण पूर्वी तोंडी करायचे तो हिशोब कागदावर करतात.

डेक्सामेथासोन म्हटलं की लोकांना वाटतं पहिल्या दिवसापासून खावं. अजिबात नाही. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीत व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना फायदा शून्य.

बरं, पहिल्या भागाचं उत्तर. मूळ विषाणूत लागण झाल्यापासून साधारण पाचेक दिवसांनी, पण २ ते १४ दिवसांत कधीही सुरुवात व्हायची. ताप, खोकला, अंग मोडून येणं, विलक्षण थकवा, डोकेदुखी, घसा, काहींना जुलाब. नाक चोंदलेलं नसताना वास जाणं ही मूळ विषाणूची खास खूण होती. साबण नाकाशी धरला तरी कळायचं नाही. विषाणू पेशीवरच्या ज्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाच्या दारातून आत शिरतो ती दारं नाकातल्या वासाच्या पेशींना सांभाळणाऱ्या पेशींवर असतात, म्हणून. बहुतेक जण आठवडाभरात उठून बसतात. ज्यांचं बिघडतं त्यांचं साधारण दुसऱ्या आठवड्यात बिघडतं. वुहानच्या त्या ४१ जणांतही धाप लागायला मधला काळ ८ दिवसांचा होता. त्यामुळे सहाव्या दिवशी 'आता बरं वाटतंय' म्हणून यंत्र परत देऊन टाकू नका. रक्ताच्या गुठळ्या होऊन फुप्फुस, मेंदू किंवा हृदयाला फटका बसतो तो वेगळाच. मुलांना बहुधा सौम्य, पण क्वचित काही आठवड्यांनी जोराचा ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी असं काही निघालं तर थांबू नये. ओमायक्रॉनपासून, म्हणजे २०२१ च्या अखेरीपासून, घसा आणि नाक पुढे आलं, वास जाणं खूप कमी झालं.

मी डॉक्टर नाही, हे वरच लिहायला हवं होतं. हेही खरं की बहुतेकांना हा आजार सौम्यच झाला. चीनच्या ४४,६७२ रुग्णांच्या नोंदीत ८१ टक्के सौम्य, १४ टक्के गंभीर आणि ५ टक्के अत्यवस्थ होते, आणि तेही लस येण्याआधीचे. ऑक्सिमीटरही देव नाही. गार बोटं, नखाचा रंग, हलता हात यांनी चुकतो, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर आकडा आहे त्यापेक्षा चांगला दाखवू शकतो, म्हणजे नको त्या बाजूला चुकतो. ९४च्या खाली गेला तर डॉक्टरांना फोन करा, पण माणूस नीट दिसत नसेल तर ९५ला सुद्धा करा. आणि श्वास मोजायला यंत्र लागत नाही. माणसाला न सांगता, पूर्ण एक मिनिट, छाती वर गेली की एक.

दादा अजून म्हणतो, "ताप असता तर मी पहिल्याच दिवशी नेलं असतं." हे वाक्य तो आमच्या प्रत्येक एकत्र जमण्यात एकदा तरी म्हणतो, आणि मी प्रत्येक वेळी ३०.७ टक्के म्हणते, आणि वहिनी विषय बदलते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दोन दिवस आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. नेमकं किती बरं झालं असतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या दोन दिवसांची एक वही आहे. बाबांचा ताप सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असा आठ वेळा लिहिला आहे. ९७.८, ९७.६, ९८.१ असं. रकाना एकच, तापाचा. सहाव्या नोंदीपुढे 'छान' असं लिहून खाली रेघ ओढली आहे. अक्षर माझं आहे. दादाने ती वही पाहिली आहे, पण इतक्या भांडणांत तिचं नाव त्याने एकदाही काढलेलं नाही.