साखरेची तपासणी: रिपोर्टचा आकडा कुठे घसरतो? (प्रश्नोत्तरे)

प्रश्न: उपाशीपोटीचे सॅम्पल आम्ही फ्लोराइडच्या करड्या झाकणाच्या ट्यूबमध्येच घेतो. तरी दोन तासांनी लावले की साखर पाच-सात मिलिग्रॅमने कमी येते. ट्यूब खराब आहेत का?

ट्यूब बहुधा ठीकच आहेत. शिरेतून बाहेर आल्यावरही रक्तपेशी ग्लुकोज वापरत राहतात. साध्या ट्यूबमध्ये खोलीच्या तापमानाला ताशी साधारण 5 ते 7 टक्के ग्लुकोज कमी होते, आणि पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतील तर त्याहून जास्त. फ्लोराइड अडवते ते एनोलेज हे एन्झाइम, आणि ते ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत ग्लुकोज टप्प्याटप्प्याने मोडण्याच्या, साखळीत अगदी शेवटाकडे येते. वरच्या पायऱ्या तोवर चालूच असतात, त्यामुळे पहिला तास-दोन तास घट होत राहते. एकदा थांबली की मग आकडा टिकतो. पण गेलेले ग्लुकोज परत येत नाही.

हा फरक किरकोळ समजू नका. खरी साखर 129 मिग्रॅ/डेसिलिटर असताना रिपोर्ट 123 गेला, तर 126 ही मधुमेहाच्या निदानाची रेषा हुकलीच.

ट्यूब खुणेपर्यंत भरा आणि आठ-दहा वेळा सावकाश उलटसुलट करा. जोरात हलवली तर पेशी फुटतात. तीस मिनिटांच्या आत सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा काढा. ते जमणार नसेल तर ट्यूब लगेच बर्फ-पाण्यात ठेवा किंवा सायट्रेट असलेली ट्यूब वापरा. सायट्रेट ट्यूबमधल्या आम्लतेमुळे साखळीतली सुरुवातीची एन्झाइमे तत्काळ थांबतात. मात्र सायट्रेटवर गेल्यावर आकडे आधीपेक्षा थोडे वर येतील, तेव्हा डॉक्टरांना आधीच कळवा. आणि फ्लोराइडच्या ट्यूबमधून युरिया, पोटॅशियम, कॅल्शियम लावायचा मोह टाळा. फ्लोराइड युरियाच्या तपासणीत लागणारे युरिएज हे एन्झाइम दाबते. रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये असलेले पोटॅशियम ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते आणि पोटॅशियम वाढवते.

प्रश्न: एका रुग्णाचा ग्लुकोमीटर 300च्या वर दाखवतो, पण प्रयोगशाळेत जीओडी-पीओडी (ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेज) पद्धतीने साखर 70च्या आसपास येते. कोणावर विश्वास ठेवायचा?

दोन्हींवर नाही. आधी विचारा, रुग्णाला शिरेतून मोठ्या मात्रेत व्हिटॅमिन सी चालू आहे का. जीओडी-पीओडीत ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते आणि त्यातून 505 नॅनोमीटरवर मोजायचा गुलाबी रंग तयार होतो. व्हिटॅमिन सी ते पेरॉक्साइड मधेच खाऊन टाकते, म्हणून आकडा खाली येतो. अनेक ग्लुकोमीटरमध्ये उलटे घडते: व्हिटॅमिन सी थेट इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देते आणि मीटर त्यालाही ग्लुकोज समजतो. मीटर पाहून इन्सुलिन दिले तर जिवावर बेतू शकते. अशा वेळी शिरेतले सॅम्पल घेऊन हेक्झोकायनेज पद्धतीने लावा. तिथे 340 नॅनोमीटरवर एनएडीपीएच हे अभिक्रियेत बनणारे संयुग मोजले जाते, पेरॉक्साइडचा संबंधच येत नाही.

प्रश्न: जीओडी-पीओडीचा रिएजंट (तपासणीचे द्रावण) हलका गुलाबी झाला आहे. ब्लँकवर (सॅम्पल न घातलेल्या रिएजंटवर) शून्य करून वापरला तर चालेल?

ब्लँकचे रीडिंग डिस्टिल्ड वॉटरसमोर घ्या. किटच्या माहितीपत्रकातल्या मर्यादेपलीकडे असेल तर फेकून द्या. शून्य केल्याने रंग लपतो, पण खर्च झालेले रंगद्रव्य भरून येत नाही. मग जास्त साखरेची सॅम्पल कमी दाखवू लागतात. सामान्य पातळीचा कंट्रोल (साखर आधीच माहीत असलेला नमुना) पास झाला म्हणून समाधान मानू नका, वरच्या पातळीचाही लावा.

रंग ठीक असूनही आकडे हलत असतील तर पिपेट तपासा. 1000 मायक्रोलिटर रिएजंटमध्ये सॅम्पल जाते फक्त 10 मायक्रोलिटर. त्यात 1 मायक्रोलिटर कमी पडले की 140चे 126 होतात. टिपच्या बाहेर चिकटलेला प्लाझ्मा दरवेळी पुसा, पण टोकाला टिश्यू लावू नका; तो आतले सॅम्पल शोषून घेतो.

प्रश्न: नवजात बाळाच्या लघवीत बेनेडिक्ट पॉझिटिव्ह, स्ट्रिप निगेटिव्ह. स्ट्रिपचाच निकाल द्यायचा ना?

मुळीच नाही, दोन्ही लिहा. स्ट्रिपवरचे ग्लुकोज ऑक्सिडेज फक्त ग्लुकोज ओळखते. बेनेडिक्ट (5 मिली द्रावण, 8 थेंब लघवी, उकळत्या पाण्यात 5 मिनिटे) कोणतीही क्षपणकारी (द्रावणातल्या तांब्याचा रंग बदलणारी) साखर दाखवते. त्यात गॅलॅक्टोजही आले. लॅक्टोज किंवा व्हिटॅमिन सीमुळेही असे होऊ शकते, म्हणून निदान छापू नका. पण गॅलॅक्टोसेमियाची (दुधातून येणारे गॅलॅक्टोज शरीराला वापरता न येण्याच्या जन्मजात आजाराची) शक्यता बालरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी फोन करून सांगा. खात्री लाल पेशींतल्या, गॅलॅक्टोज वापरायला लागणाऱ्या जीएएलटी एन्झाइमवरून होते आणि ते सॅम्पल रक्त चढवण्याआधीच घ्यावे लागते, नाहीतर दात्याच्या पेशी निकाल नॉर्मल दाखवतील. बाळाचे दूध आधीच बंद असेल तर बेनेडिक्टही निगेटिव्ह येऊ शकते; फॉर्मवर तशी नोंद हवी.

प्रश्न: जीटीटीसाठी (ग्लुकोज टॉलरन्स टेस्टसाठी) 75 ग्रॅम ग्लुकोज म्हणजे नेमके कोणते?

निर्जल ग्लुकोज. डब्यावर मोनोहायड्रेट (पाण्याचा रेणू जोडलेले) लिहिले असेल तर 82.5 ग्रॅम मोजा. 250 ते 300 मिली पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायला द्या. वेळ पहिल्या घोटापासून धरायची.