गोधडीसाठी मशीन घेताय? आधी नमुना शिवून बघा

दुकानात जाताना जुन्या साडीचे चार थर आणि वर-खाली सुती कापड असा फूटभर चौकोन घरूनच टाचून न्या. दुकानदार दाखवतो त्या एकेरी चिंधीवर कुठलीही मशीन झकास चालते.

सोळा नंबरची सुई लावा, टाका तीन ते साडेतीन मिलिमीटर ठेवा आणि सावकाश शिवा. कापड उलटवून बघा. खाली दोऱ्याचे झुबके दिसले तर बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांत नीट बसलेला नसतो. तो मशीनचा दोष नव्हे. पण सुई बदलूनही टाके सुटत असतील तर ती मशीन सोडा.

वरचा थर पुढे सरकून चुण्या पडतात, कारण सुईखालच्या पट्टीतले दात फक्त खालचं कापड ओढतात. वॉकिंग फूट, म्हणजे कापड दाबणाऱ्या नेहमीच्या फुटाच्या जागी लावायचा जोड, वरचंही ओढतो, म्हणून तो त्या मॉडेलला बसतो का ते विचाराच. फुटाचा कापडावरचा दाब कमी करता आला तर उत्तम.

शंभर डिझाइनांचा मोह नको, गोधडीला सरळ टाकाच लागतो. त्यापेक्षा सुईपासून उजव्या खांबापर्यंतची जागा मोजा. गुंडाळलेली अर्धी गोधडी तिथूनच जायची असते. सहा इंचांत दुहेरी गोधडी कोंबताना हात भरून येतात. जुनी काळी पायमशीन चालू असेल, तर आधी तिच्यावरच करून बघा.